मध खाऊन सांग

"बाबा, उगाच तोंडदेखलं बोलू नका. मध खाऊन सांगा."

बाबांच्या हातातला पिठाचा गोळा हातातच राहिला. दुसऱ्या कुठल्या घरात हे वाक्य कुणाला कळलं नसतं. या घरात मात्र ते शपथेच्या जागी होतं.

त्याचं मूळ एका जाडजूड कादंबरीत होतं. जादूगार, बोलकी झाडं, उडते मासे असलं सगळं असलेली कादंबरी. लेक लहान असताना पावाचं पीठ फुगेपर्यंत बेकरीच्या मागच्या खोलीत बाबा तिला ती वाचून दाखवत. त्या कादंबरीत डोंगराच्या खिंडीत खानावळ चालवणारी एक अस्वलीण होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ती मधाचा साधा केक खायला घालायची, आणि तो पोटात गेला की माणसाची खोटं बोलायची सोय संपायची.

पुस्तकात कृती नव्हतीच. नुसतं एवढंच, की साखरेचा कण नाही, फक्त मध. बापलेकीने चुकतमाकत ती बसवली. पहिला केक इतका टणक झाला की आईने तो दार अडवायला वापरला. पण पुढे जमला, आणि तेव्हापासून घरात काही खरं काढायचं असलं की हाच केक भाजला जाई. फुलदाणी कुणी फोडली, भिंतींचा नवा रंग आईला खरंच आवडला का, असलं काहीबाही. विचारणाऱ्याने आणि सांगणाऱ्याने एकाच केकचा घास घ्यायचा, आणि मग दोघांनीही खोटं बोलायचं नाही. आजवर कुणी बोललंही नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत त्यांना कळवायचंय," लेक म्हणाली. दूरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने तिला नोकरीवर बोलावलं होतं. "मी जावं की इथं बेकरीतच राहावं? तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? जा की!"

"हेच ते तोंडदेखलं."

"बरं बाई. लाव ओव्हन."

आईने काउंटरवरून मागे डोकावून पाहिलं. "काय शिजतंय बापलेकीचं?"

"शिजत नाही, भाजतंय!" दोघं एकदम म्हणाली.

"म्हणजे आज कुणाचं तरी बिंग फुटणार," म्हणत आई गिऱ्हाइकाकडे वळली.

बाबा पुन्हा पीठ मळू लागले. खरं म्हणजे त्यांना लेक राहायला हवी होती. पदवी घेऊन आल्यापासून तिने बेकरीत जीव ओतला होता. यीस्टच्या पाण्यात थर्मामीटर बुडवायची, पिठाच्या प्रत्येक पोत्याची परीक्षा घ्यायची. हल्ली पाव नुसते फुगत नव्हते, मिरवत होते. ती गेली तर मागची खोली त्यांना खायला उठली असती. पण म्हणून लेकीच्या वाटेत आडवं यायचं? 'राहा' हा शब्द तोंडातून निघाला की ती राहणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे खोटं बोलणं आलं. आणि मध खाऊन खोटं बोलणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं.

"भिंगबाई, अंडी संपलीत. कोपऱ्यावरून घेऊन ये जरा." लहानपणी हाताला येईल ते भिंगाखाली धरायची, म्हणून ती भिंगबाई.

"बेकरीत अंडी संपली?"

"माणसाची अक्कल संपते, अंडी संपली तर काय बिघडलं?" अंड्यांचा ट्रे पायानेच ओट्याखाली ढकलत बाबा म्हणाले.

ती बाहेर पडताच त्यांनी मधाची बरणी मागे सारली. बनवर लावायचा साखरेचा पाक होताच. तो आटवून तांबूस केला, लिंबू पिळलं, संत्र्याची साल किसून घातली. रंग तोच, धार तीच. पाक मापाच्या भांड्यात ओतला, आणि बरणी आत्ताच उघडल्यासारखी दिसावी म्हणून तिच्या तोंडाला थोडा मध फासला.

लेक आली. लोणी फेटलं, अंडी फोडली. भांड्यातली धार कशी पडते ते नेहमीसारखं वाकून बघत तिने ती मिश्रणात सोडली.

"आज संत्रं घातलंत?"

"अस्वलिणीकडे नसेल, आपल्याकडे आहे."

केक ओव्हनमध्ये गेला. काचेजवळ नाक नेऊन ती म्हणाली, "रंग यायला वेळ लागतोय. मधाचा एव्हाना तांबूस होतो."

बाबांनी ओव्हनचं बटण उगाच फिरवलं. "ओव्हन आज मंद आहे."

"असेल."

केक निवल्यावर तिने तो मधोमध मोडला. दोघांनी घास घेतला.

"सांगा आता."

"जा," बाबा म्हणाले. आवाज जराही हलला नाही याचं त्यांनाच नवल वाटलं. "मनापासून सांगतो. बेकरीचं मी आणि तुझी आई बघू. तू नव्हतीस तेव्हा काय पाव फुगत नव्हते?"

तिने आणखी एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"आणि तुला गं? तूही खाल्लायस. तुला काय हवंय?"

"मला जायचंच आहे, बाबा. केव्हापासूनचं मनात आहे. पीठ मळून मळून कंटाळा आलाय."

कंटाळा हा शब्द बाबांना टोचला. पण त्यांचा जीवही भांड्यात पडला. तिच्या लेखी केक मधाचाच होता, म्हणजे ती बोलली ते खरंच. खोटं काय ते एकट्या त्यांचं, आणि ते त्यांना आनंदाने पचवता येणार होतं.

"झालं तर मग! लाव फोन," ते म्हणाले, आणि डोळ्यांत पीठ गेल्याचं निमित्त करून त्यांनी बाहीने डोळे पुसले.

लेकीने फोन उचलला. मग तो ओट्यावर उपडा ठेवला, बोटांना चिकटलेला चुरा चाटला आणि लोण्याचं भांडं पुन्हा पुढ्यात ओढलं.

"बाबा," ती म्हणाली, "आता मध घालून करू या?"