बाबांची लेन्स

सासऱ्यांची जुनी लेन्स आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्याला बसावी म्हणून जावयाने खास रिंग मागवली. लेन्सच्या चामडी पिशवीत व्हॅसलीनची एक डबीही निघाली. "बाबांचे ओठ फुटायचे," बायको म्हणाली. लेन्सच्या काचेवर तर तेलकट थरच बसला होता. "एवढी भारी लेन्स, आणि काय हे हाल!" असं पुटपुटत त्याने ती लख्ख पुसून काढली.

मग सासूबाईंना खिडकीपाशी बसवलं. फोकस हाताने लावायचा, त्यामुळे जावईबापू लेन्स फिरवत राहिले आणि सासूबाईंचे हसून हसून गाल दुखायला लागले. शेवटी एकदाचा फोटो निघाला. इतका स्पष्ट, की पापण्या मोजून घ्याव्यात.

सासूबाईंनी चष्मा लावून तो पाहिला.

"ही कोण म्हातारी?"

"आई, लेन्स तीच आहे हो. बाबांचीच."

"मग तुम्ही काहीतरी बिघडवलंत. ह्यांनी शेवटपर्यंत हिनेच माझे फोटो काढले. सत्तरीतसुद्धा एक सुरकुती येऊ दिली नाही!"

जावयाने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. सासूबाई चांदण्यात बसल्यासारख्या मऊ दिसत होत्या. मग त्याने पिशवीतल्या डबीकडे पाहिलं.

"दोन मिनिटं बसा आई, लेन्स नीट बसली नव्हती," असं म्हणत त्याने मनातल्या मनात सासऱ्यांना हात जोडले आणि व्हॅसलीनमध्ये बोट बुडवलं.