बारावा हात

शाळा बारमाही केली, तरच गळक्या छपरासाठी सरकारी अनुदान मिळणार होतं, आणि त्याला प्रत्येक शिक्षकाचा होकार हवा होता. अकरा हात वर गेले. शिवणाच्या बाई मात्र मान खाली घालून मांडीवरच्या फ्रॉकशी झटत राहिल्या; टाका घालायच्या, उसवायच्या, पुन्हा घालायच्या. बापाकडे राहणारी लेक उन्हाळ्याच्या सुट्टीतच त्यांच्याकडे यायची; तिच्या वाढत्या अंगाच्या अंदाजाने फ्रॉक बेतला होता. आता लेकीला सुट्टी असेल तेव्हा आईची शाळा भरलेली. “बाई, तुमच्यावाचून अडलंय,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पटाबाहेरची एक मुलगी माझ्या वर्गात बसली तर चालेल?” “चालेल की. पण ऐन सुट्टीत शाळा? लेक तोंड फुगवून बसेल.” “बसेना का. माझ्यासमोर तर बसेल.” बाईंनी हात वर केला. सुई बोटांतच होती. दोऱ्यामागोमाग फ्रॉकही उठून उभा राहिला.