रेश्माचा अंगठा

कराडच्या दवाखान्यात आरोग्य योजनेच्या खिडकीपाशी बनुबाई सुनेला घेऊन उभ्या होत्या. रेश्माच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि सभासद म्हणून अंगठा उमटल्याशिवाय ऑपरेशन मंजूर होणार नव्हतं.

रेश्मानं मशीनवर अंगठा टेकवला.

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मावशी, ही सभासद सकाळीच भरती झालीय. कार्ड कुणाला वापरायला दिलं होतं का?"

"कार्ड दिऊ ओ, पर अंगठा कसा दिऊ? ही आत्ता माझ्यासंगं आष्ट्यासनं आलीया."

"मग वर जाऊन बघा, तिच्या नावावर कोण झोपलंय. ती खाट सुटल्याशिवाय हिला दुसरी मिळायची नाही."

रेश्माला बाकावर बसवून बनुबाई जिना चढल्या. खोलीबाहेरची सिस्टर हसली. "परत आलात? आत्ताच तर सुनेची वेणी घालून गेलात."

आत खाटेवरची बाई भिंतीकडं तोंड करून निजली होती. रेश्मा बनुबाईंच्या भावाचीच लेक, लहानपणापासून तिची वेणी त्याच घालत आल्या होत्या. पाठीवरची ती वेणी त्यांनी ओळखली. त्यांच्याच हातची होती.

"आत्या," ती न वळता रेश्माच्या आवाजात म्हणाली, "दार लावून घ्या. ती बाकावरनं उठलीया."

बनुबाईंचा हात कडीवर गेला. तेवढ्यात जिन्यातून पावलं वाजली आणि त्याच आवाजात हाक आली, "आत्या, कुठं हायसा?"