सिंधुबाईचा पाठिंबा

"ऋषिराजला पाठिंबा दिलात, तर मी या खोलीत पुन्हा पाऊल टाकणार नाही," रावजी मास्तर म्हणाले.

संघटनेच्या खोलीत चाळीस बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. सगळ्या नगरपालिकेच्या ठेक्यावर झाडू मारणाऱ्या. ठेकेदार जावा आणि पालिकेनं आपल्याला कायम करावं, एवढीच त्यांची मागणी. वरकुट्याहून, आसपासच्या वस्त्यांवरून पहाटे टमटमनं शहरात यायच्या. सिंधुबाई त्यांची पुढारी. सोळा वर्षं तिनं स्वतः गटारं काढली होती. तिला अर्ज लिहायला शिकवलं ते मास्तरांनी. संघटनाही त्यांनीच उभी करून दिलेली.

"तीन निवडणुका आमी तुमच्या उमेदवाराला मतं दिली, मास्तर," सिंधुबाई म्हणाली. "मानूस लाखाचा. पर तिन्ही येळंला डिपॉझिट गेलं."

"म्हणून जेसीबीवर उभं राहून टाळ्या घेणाऱ्याच्या मागं जायचं? त्याला ना धोरण, ना विचार."

"टाळ्या वाजवनारं कोन हाय? आमच्याच घरची मानसं. त्यो नगराध्यक्ष व्हनारच हाय. आमच्याबिगर झाला, तर वळून बगनार न्हाय. आमच्या जिवावर झाला, तर त्याच्या दारात बसायचा हक्क ऱ्हाईल."

"आणि शब्द फिरवला तर?"

"तर पयला झाडू मी उगारीन."

हात वर झाले. पाचसहा सोडून सगळे. मास्तरांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि कुणाकडं न बघता निघून गेले. सिंधुबाईला हाक मारायची होती. पण तिनं किल्ली उचलून कमरेला खोचली.

मग महिनाभर बायका राबल्या. ज्या गल्ल्या झाडायच्या, त्याच गल्ल्यांत मतं मागत फिरल्या. कुठलं दार कधी उघडतं, कोण पाणी विचारतं, कोण तोंड फिरवतं, सगळं त्यांना पाठ होतं. ऋषिराज चौकाचौकात एकच सांगायचा, "ठेकेदाराला घालवलं नाही, तर बापाचं नाव लावणार नाही!"

दोनशे अकरा मतांनी तो निवडून आला.

खुर्चीवर बसल्याच्या आठव्या दिवशी त्यानं सगळ्या बायकांना पालिकेच्या आवारात बोलावलं. मोबाइल उंच धरून पोरं उभी होती. ऋषिराजनं हातातला कागद फडकावला.

"ठेकेदार गेला! आजपासून गेला!"

आवारात कल्ला झाला. कुशाबाई सगळ्यांत म्हातारी, कमरेत वाकलेली. तिनं टाचा उंचावून सिंधुबाईच्या गळ्यात हार घातला, कानशिलावर बोटं मोडली. "जितलीस गं, सिंधे!"

सिंधुबाई हसत होती, रडत होती. मास्तर इथं असायला हवे होते, असं तिला फार वाटलं.

"म्हंजी आमी कायम झालो, साहेब?"

"कायम करणं वरच्या सरकारच्या हातात, मावशी. पण आता मधे परका माणूस नाही. वाचा की."

तिनं कागद घेतला. एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला. पुन्हा वाचला. सफाईचा नवा ठेका तिच्या नावावर होता.

"कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, सगळं तुमच्या हातात," ऋषिराज मोठ्यांदा म्हणाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सिंधुबाईनं मागं वळून पाहिलं. कुशाबाई दोन पावलं मागं सरकली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि हात जोडले.

"मालकीणबाई, म्या उद्या कामावर यिऊ न्हवं?"