माझ्या मशीनवर

अंगठ्याचं ऑपरेशन तसं किरकोळ, पण साथीपायी तारीख दोनदा पुढे गेली होती. या वेळी नर्सबाईंनी फोनवर बजावलं, "सात दिवस खोलीत एकटीनं राहायचं. कोणाचा संपर्क आला, तर तारीख रद्द." म्हणून सून जेवण दाराबाहेर ठेवायची.

खोलीत मी आणि माझं शिलाई मशीन. उजवा अंगठा आखडल्यामुळे अर्धवट राहिलेला शर्ट सुईखाली तसाच होता.

तिसऱ्या दिवशी त्यावर एक नवी शिवण दिसली. वाकडीतिकडी. मी डाव्या हातानं उसवून टाकली. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा उसवली.

"तीस वर्षं या मशीनवर माझ्याशिवाय कोणी बसलेलं नाही," मी रिकाम्या खोलीला सुनावलं.

आज दुपारी नर्सबाईंचा फोन चालू असतानाच पाठीमागे मशीन धडधडायला लागलं.

"कोण आहे हो खोलीत?"

मी वळून पाहिलं. पायडल आपोआप वरखाली होत होतं. पण तारीख घालवू? मुळीच नाही.

"कोणी नाही. मीच शिवतेय," मी ठणकावून सांगितलं.

मशीन थांबलं. स्टूल हळूच मागे सरकलं, माझ्यासाठी.

मी तोऱ्यात जाऊन बसले. स्टुलाला अजून ऊब होती.