भाजी आणायची गाडी

पंचहो, तुम्ही माझ्या आत्याला लबाड ठरवलंत. एकेकाळी बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीची ही स्वस्तातली माझदा, तुमच्या शब्दांत ‘भाजी आणायची गाडी’, घाटाच्या शर्यतीत पहिली आलीच कशी, म्हणून तुम्ही इंजिन उघडलंत. काही सापडलं नाही.

“वळण दिसलं की ती माझ्याआधी खूश होते, त्याला मी काय करू?” आत्या म्हणाली.

मग तुम्ही डिकी उघडायला लावलीत. आत बटाट्यांनी भरलेलं पोतं निघालं.

“अगं बाई, हे सकाळी उतरवायचं राहिलंच की,” आत्या हसली. “रिकाम्या गाडीनं पुन्हा चढून दाखवू का?”

करंडक अजून तुमच्याच टेबलावर आहे. तिनं तुम्हाला विचारलंय, दाखवू का? बोला.