हळदीचं बोट

निशाच्या कुर्त्याला खिसा होता, आणि दुर्गेश्वरीला सकाळपासून तो खिसाच दिसत होता. मोबाइल खिशात, किल्ल्या खिशात, लेकराचं नाक पुसायचा रुमालही खिशात. दोन्ही हात मोकळे. एका हातानं पोरगी कडेवर घेऊन निशा दुसऱ्या हातानं चुलीवरचं दूध उतरवत होती, आणि एवढं करूनही कुठं बाहेर निघाल्यासारखी नीटनेटकी दिसत होती. दुर्गेश्वरीच्या अंगावर फिकट झालेला गाऊन होता. ओसरीत सासरे टेकचंद बसलेले, म्हणून गाऊनवर टॉवेल. तो टॉवेल सावरण्यातच तिचा एक हात दिवसभर अडकलेला असायचा.

धाकट्या जावेनं ही नवीनच टूम काढली होती. आहेरातल्या साड्या सरळ कापायच्या. सडक अर्जुनीच्या मंजू टेलरकडून तिनं सहा कुर्ते शिवून आणले, खाली घालायला दोन साधे सैल पायजमे. कोणताही कुर्ता कोणत्याही पायजम्यावर चालायचा. गल्लीतल्या बाया माप विचारायला येऊ लागल्या. परवा तर नवराही, धर्मेंद्र, जेवता जेवता म्हणाला, धाकटी बहू घरातल्या घरात कशी नीट राहते, नाही तर तू. दुर्गेश्वरीनं त्याच्या ताटात भात जरा जोरातच वाढला.

तिच्या अलमारीत एकवीस साड्या होत्या. सगळ्या डबाबंद. डबा उघडला की साडी पुढे आहेरात फिरवता येत नाही, हे तिला लग्न झाल्या वर्षीच कळलं होतं. त्यामुळे अलमारी गच्च भरलेली, आणि घरी घालायला दोन गाऊन.

आज गावची मंडई. दिवाळीनंतरच्या या जत्रेला घरोघरी पाहुणे येतात. माहेरच्या गावाहून, चोरखमाऱ्याहून, दुर्गेश्वरीची आई पुष्पाबाई पहिल्याच गाडीनं आली होती. ओसरीत टेकून ती चहा पीत होती आणि तिची नजर सारखी निशाकडे जात होती. पोपटी कुर्ता, काठ बरोबर खिशावर घेतलेला.

"बरी दिसते," पुष्पाबाई म्हणाली.

झालं. सख्खी आईसुद्धा तिच्याकडेच बघणार. दोन वर्षांनी लेकीच्या घरी आलेली बाई, आणि कौतुक कोणाचं? तिनं चहाची किटली खाली ठेवली.

"डागाची साडी होती, माय," ती निशाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "तिले कोन नेसते? म्हनून कापली. पाहा ना, खिशावर डाग तसाच आहे."

निशाचा चेहरा उतरला. ते पाहून दुर्गेश्वरीला घटकाभर बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

पुष्पाबाईनं निशाला जवळ बोलावलं. खिशाच्या कोपऱ्यात एक पिवळट ठिपका होता, धुऊन धुऊन फिकट झालेला. म्हातारीनं काठ चिमटीत धरून पाहिला, उलटा करून पाहिला. मग आपलं बोट त्या ठिपक्यावर ठेवलं. ते नेमकं बसलं.

"हे साडी कोनं देल्ली होती, बाई?"

निशानं आधी दुर्गेश्वरीकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "दीदीनं. माह्या लग्नात."

जावेनं दिलेली साडी कापली, हे कसं सांगायचं म्हणून बिचारी इतके दिवस गप्प होती. टेलरनं डाग शिवणीत दडवते म्हटलं, तेव्हा निशानंच नको म्हटलं. कोणीतरी हळद लावून दिलेली साडी आहे, म्हणाली, दिसू द्या.

दुर्गेश्वरीला काहीच आठवेना. लग्नाच्या घाईत तिनं ढिगातला वरचा डबा उचलला होता, एवढंच. कोणाकडून आला, कधी आला, आत कोणता रंग, काही पाहिलं नव्हतं.

"सोनूच्या बारशाले हळदीचं बोट लावून आनली होती मी," पुष्पाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "लेकरू अंगावर पेते, जरीचा काठ रुतते त्याले. म्हनून सुती पाहून आनली. घरी नेसशीन म्हनून." मग तिनं विचारलं, "तू डबा उघडलाच नाही का वो?"

दुर्गेश्वरीनं टॉवेल सावरला. तो घसरला नव्हता तरी सावरला. तिचा सोनू आता तिसरीत होता.

निशाचे डोळे भरले होते. पोरीला खाली ठेवत ती म्हणाली, "दीदी, मी आत्ताच काढून देते. तुम्ही घाला."

"राहू दे, बाई," पुष्पाबाई म्हणाली. "आता तो तुह्या मापाचा झाला."

आणि तिनं खिशाची चुरगळलेली कड हातानं नीट केली.

दुर्गेश्वरी आत गेली. दार लोटून तिनं अलमारी उघडली आणि वरचा डबा फोडला. मग त्याच्या खालचा. मग त्याच्या खालचा. जरीच्या, फुलाफुलांच्या, चमकणाऱ्या साड्या पलंगावर पडत गेल्या, आणि ती एकेकीचा पदर उलगडून कोपरे शोधत होती. बाहेर मायनं निशाला विचारलं, खिसा किती खोल घेतला म्हणून.

एकविसाव्या साडीपर्यंत तिनं पाहिलं. हळद कोणत्याच साडीला नव्हती.